बिमलदांच्या गाद्या आणि दहा मिनिटांवाले

गाद्यांच्या दुकानात कापूस कधी झाडून संपत नाही. सकाळी झाडा, दुपारी कोपऱ्यात पुन्हा गोळे जमलेले! आमच्या दुकानातल्या किश्शांचंही तसंच आहे. घरी जेवताना मी एक सांगायला घेते, त्याला चिकटून दुसरा येतो, आणि आमचे हे म्हणतात, "आधी भात वाढ, मग दुकान उघड."

आमचं दुकान म्हणजे माझं नव्हे हं! मी माहेरची सोलापूरची, त्यामुळे चादरीशी नातं जन्माचं, पण गादीशी नव्हतं. ह्यांची बँकेतून कोलकात्याला बदली झाली, भवानीपूरला तिसऱ्या मजल्यावर जागा मिळाली आणि खाली तळमजल्यावर निघालं बिमलदांचं गाद्या-उशा-मच्छरदाण्यांचं दुकान. आल्या आल्या दोन गाद्या करायला टाकल्या आणि गप्पा मारत बसले, ती आजतागायत बसलेलीच आहे. बिमलदांना मोबाईलवरची कामं जमेनात, म्हणून त्यांनीच मला विचारलं, "बौदी, तुम्ही बघाल का?" बौदी म्हणजे वहिनी. वहिनीने नाही म्हणायचं नसतं.

तर आम्ही तिघं. सत्तरी ओलांडलेले बिमलदा मालक, इस्माईलभाई गाद्या शिवणारे आणि मी म्हणजे आमचा 'ऑनलाइन विभाग'.

आणि आमच्या डोक्यावर टांगती तलवार! साबणापासून समोशापर्यंत सगळं दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या एका कंपनीला आमची जागा गोडाऊनसाठी हवी आहे. जागा बिमलदांच्या मालकीची, रस्त्याला लागून, कंपनीच्या नजरेत भरलेली. बिमलदांचा मुलगा बंगळुरूला असतो. तो म्हणतो, देऊन टाका बाबा, आता गाद्या कोण दुकानातून घेतं? दुकान गेलं तर बिमलदा आमच्या शेजारच्या त्यांच्या घरी दिवसभर गॅलरीत बसणार, इस्माईलभाई बिहारला गावी जाणार आणि मी वर जाऊन टीव्ही बघत बसणार. मला हे अजिबात मंजूर नव्हतं. पण मला विचारतंय कोण?

* * *

पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला होता, तो आधी सांगून टाकते.

इथे बंगाली माणसाला झोपताना कुशीत एक लांबलचक लोड लागतो. त्याला कोलबालिश म्हणतात. आपल्याकडे तक्क्याला टेकून बसतात, इथे त्याला मिठी मारून झोपतात. एक साठीचं जोडपं आलं, दोन कोलबालिश द्या म्हणालं. पलंगाचं माप ऐकून मला त्यांची दया आली. एवढ्याशा पलंगावर दोन माणसं आणि दोन लोड कसे मावणार? मी आपला सोलापुरी हिशेब केला आणि प्रेमाने सुचवलं, एकच घ्या की, मध्ये ठेवा, दोघांना पुरेल.

इस्माईलभाईंची सुई थांबली. ते गृहस्थ बायकोकडे बघायला लागले. बाई मात्र मला समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "हे बघा, एका ताटात जेवलोय, एका छत्रीत भिजलोय. पण कोलबालिश ज्याचा त्याचा."

बिमलदांनी दोन कोलबालिश बांधून दिले. ते गेल्यावर मला म्हणाले, बौदी, आज तुमच्यामुळे एक संसार मोडता मोडता वाचला.

* * *

ऑनलाइनवाल्यांनी आमचं गिऱ्हाईक पळवलं असं सगळे म्हणतात. चूक! ते गिऱ्हाईक आमच्याच गादीवर आडवं पडून पळून जातं.

पलीकडच्या गल्लीतलं एक नवं जोडपं, दोघंही सॉल्ट लेकला आयटीत. रविवारी सकाळी आले. ही मऊ आहे का, ती कडक आहे का, करत पाच गाद्यांवर झोपून झालं. सहावी पसंत पडली. तिच्यावर शेजारी शेजारी पडून दोघांनी मोबाईल वर धरला. आम्हाला वाटलं, घरच्यांना विचारताहेत. बिमलदांनी पंखा त्यांच्याकडे वळवला, चहा मागवला. अर्ध्या तासाने दोघं उठले, छान आहे हो दुकान तुमचं, म्हणून निघून गेले. त्यांनी आमच्या गादीवर पडल्या पडल्या त्याच मापाची गादी एका साइटवर मागवली होती!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बिमलदा शांत. म्हणाले, आपला चहा तर पिऊन गेले ना!

खरी गंमत पुढे आहे. तीन-चार दिवसांनी भर दुपारी पार्सलवाला माणूस खांद्यावर पुरुषभर उंचीची गुंडाळी घेऊन दारात हजर. पार्सल त्या जोडप्याचं, पण दोघं ऑफिसला. घरात सासरे असतात, पण ते जेवण झाल्यावर पाच वाजेपर्यंत दार उघडत नाहीत. भवानीपूरची दुपार म्हणजे दुपार! सूनबाईंनी फोनवर सांगितलेलं, कोपऱ्यावरच्या गादीवाल्यांकडे ठेवून जा.

आता एवढं धूड ठेवणार कुठे? खाली कापूस पसरलेला, फळ्यांवर उशा. शेवटी पार्सलवाल्याने ते नेमकं त्याच सहाव्या गादीवर आडवं केलं.

मी बिमलदांकडे बघितलं. म्हटलं, आता तरी रागवा! ते चष्मा पुसत म्हणाले, "आमच्या गादीवर त्यांची गादी झोपली. पाहुणी आहे. झोपू दे."

* * *

त्या पाहुणीने पुढे जे केलं ते ऐका.

ही गादी हवा काढून, दाबून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली असते. प्लॅस्टिक कापलं की फुगते. हे त्या दोघांना माहीत होतं. किती फुगते, ते माहीत नव्हतं. घर जुनं, खोलीत पलंगामुळे पाय ठेवायला जागा नाही, म्हणून त्यांनी ती जिना आणि देवघर यांच्यामधल्या बोळकांडीत उघडली. गादीने श्वास घेतला आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घट्ट बसली. आत देवघरात सासरे संध्याकाळची पूजा करत होते. ते आतच अडकले!

सूनबाई धावत आमच्याकडे. बिमलदा आणि इस्माईलभाई दोर, दाभण, मोठी कात्री घेऊन निघाले. मागोमाग मी. असला प्रसंग मी सोडते होय?

इस्माईलभाईंनी कात्री पुढे केली तर सूनबाई आडव्या झाल्या. कापू नका, कापली तर कंपनी परत घेणार नाही! मग काय, नवरा गुडघा देतोय, इस्माईलभाई दोर ओढताहेत, बिमलदा "आणखी जरा, आणखी जरा" करताहेत आणि पलीकडून सासऱ्यांची घंटा चालूच. मला वाटलं, म्हातारा घाबरून मदतीसाठी वाजवतोय. तसं काही नव्हतं, आरती चालली होती.

गादी एकदाची दुमडली, वरच्या बाजूने हातभर फट झाली. फटीतून सासऱ्यांचा डोळा दिसला. घंटा थांबली आणि आवाज आला, "बिमल आलाय का? बरं झालं. आलाच आहेस तर माझ्या पलंगाचं माप घेऊन जा. माझी गादी पार बसलीय."

* * *

माझ्या ऑनलाइन विभागाची कर्तबगारीही सांगायला हवी, नाहीतर म्हणाल, ही नुसती दुसऱ्यांना हसते.

मी बिमलदांच्या मागे लागून त्यांचं दुकान एका मोठ्या साइटवर चढवलं. फोटो काढले, मापं लिहिली, सावरीच्या कापसाच्या उशीचं असं वर्णन केलं की माझी मलाच झोप यायला लागली. आणि पहिली ऑर्डर आली! मी ओरडलेच. सॉल्ट लेकहून एका बाईंनी दोन उशा मागवल्या होत्या.

मी म्हटलं, पॅक करा. बिमलदा म्हणाले, थांबा, आधी फोन करू. कशाला? तर कोण झोपणार, कुशीवर की उताणं, मान दुखते का, हे विचारल्याशिवाय उशी कशी द्यायची? मी कपाळाला हात लावला. साइटचा नियम, ऑर्डर आली की दुसऱ्या दिवशी माल बाहेर. गिऱ्हाइकाला फोन करायचा नाही. मी बिमलदांच्या हातातून फोन काढून घेतला आणि उशा वेळेत रवाना केल्या. ऑनलाइन विभागाचा विजय असो!

आठवड्याने अभिप्राय आला. एक तारा. पाचातला एक! मी वाचायला लागले. बाईंनी लिहिलं होतं, उशा उत्तम आहेत. पण आम्ही या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. माझ्या लग्नाची गादी इथलीच. आई पडून अंथरुणाला खिळली आहे, तिच्यासाठी उशा घेतल्या, आणि दुकानातून कुणी साधा फोन करून आईची चौकशीही केली नाही.

बिमलदांनी तिथल्या तिथे फोन लावला. तासभर बोलत होते. मग तारे पाच झाले आणि आईसाठी एक गादीही सांगितली गेली.

तेव्हापासून आम्ही ऑर्डर आली की फोन करतो. त्यामुळे माल उशिरा जातो, साइट आम्हाला ताकीद देते, आणि ताकीद आली की मी ती बिमलदांना वाचून दाखवते. ते म्हणतात, त्यांनाही एकदा फोन करू या का?

* * *

परत आलेल्या मालाचा एकच किस्सा सांगते. बराकपूरहून एका गृहस्थांनी मच्छरदाणी परत पाठवली. साइटवर परत करण्याचं कारण लिहावं लागतं. त्यांनी लिहिलं होतं, आत डास येतो. मी घडी उलगडली तर खरंच, कोपऱ्यात एक मेलेला डास!

मी घाबरले. आता पैसे परत, वर दंड. बिमलदांनी डास उजेडात धरून बघितला आणि साइटच्या माणसाला फोनवर सांगितलं, "मच्छरदाणी आमची आहे. डास आमचा नाही. आमचे डास नेहमी बाहेर राहतात."

* * *

शत्रू बाहेर असतो असं नाही. माझी लेक सई इथेच वाढली, मराठी बोलते पण मधूनच बंगाली वळणं घेते, बिमलदांना जेठू म्हणजे मोठे काका म्हणते. तिने एकदा आईला न सांगता मानेसाठीची कसलीशी फोमची उशी मागवली. पत्ता घरचा दिला. दुपारी बेल वाजवायची नाही हे पार्सलवाल्यालाही आता ठाऊक, त्यामुळे पार्सल सवयीप्रमाणे दुकानात आलं. घ्यायला समोर मी!

वर नाव वाचलं आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. इस्माईलभाई तोंड फिरवून हसत होते. मी पार्सल टेबलाखाली सरकवलं. बिमलदांनी ते वाकून उचललं, माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, घेऊन जा बौदी, मुलीला बरं वाटलं तर मलाही सांगा, माझीही मान दुखते.

संध्याकाळी मी सईवर जे काय तोंडसुख घेता येईल ते घेतलं. ती शांतपणे म्हणाली, "आई, तुमच्या साइटवर उशी आवडली होती. पण ऑर्डर केली असती तर बिमलजेठूंनी फोन करून मान का दुखते विचारलं असतं. आणि मी रात्रभर मोबाईल बघते हे तुला कळलं असतं."

* * *

आता लग्नाचा किस्सा! हा सांगताना मी अजूनही खुर्चीवरून अर्धी उठते.

इथे लग्नानंतर मुलीकडून मुलाकडे वाजतगाजत ताटं जातात. साड्या, मिठाया, नवरीसारखा नटवलेला अख्खा रुई मासा, आणि त्यांच्याबरोबर नव्या जोडप्याचं अंथरूण. गादी, उशा, दोन कोलबालिश, झालरीची मच्छरदाणी. त्या रात्री फुलांनी सजवलेल्या पलंगावर हेच घालतात. ते नसलं तर मुलीकडच्यांची नाचक्की.

आमच्या मागच्या रस्त्यावरच्या एका घरात लग्न होतं. नवरीच्या भावाने सगळं अंथरूण ऑनलाइन मागवलेलं. ताटं जायच्या दिवशी सकाळपासून मोबाईल सांगत होता, पार्सल निघालंय. दुपारचे बारा झाले, पार्सल निघालेलंच. ताटं तयार, मासा नटून बसलेला, संध्याकाळी निघायचं, आणि अंथरुणाचा पत्ता नाही! नवरीची आई अनवाणी आमच्या दुकानात आली. तिला संध्याकाळपर्यंत अख्खं अंथरूण हवं होतं.

इस्माईलभाई म्हणाले, कापूस भरून टाके घालून गादी व्हायला दोन दिवस लागतात. बिमलदांनी घड्याळाकडे बघितलं आणि दुकानातली नेहमीची दुपारची डुलकी रद्द केली. कोलकात्यातला माणूस दुपारची झोप सोडतो म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही!

मग जी काय धमाल उडाली! दुसऱ्या कुणासाठी भरून ठेवलेली गादी पुढे ओढली, तिच्यावर लाल खोळ चढली. इस्माईलभाई एका टोकाने टाके घालताहेत, मी दुसऱ्या टोकाने. माझे टाके वाकडे, पण वेग बघा! शेजारच्या दोन बायका उशी बघायला आलेल्या, त्यांना बिमलदांनी झालर शिवायला बसवलं. त्या बसल्याही! नवरीची आई सुईत दोरा ओवून देत होती आणि रडत होती, आणि दोरा काही ओवला जात नव्हता.

ताटं निघायच्या वेळेला अंथरूण हातगाडीवर चढलं. आणि नेमकं त्याच क्षणी गल्लीच्या तोंडाशी ऑनलाइनचं पार्सल! भावाने तेही गाडीवर टाकलं. मी ताटांबरोबर मुलाकडे गेले. बोलावलं कुणी नव्हतं, पण मला शेवट बघायचा होता.

मुलाच्या आजीने दोन्ही गाद्या समोर मांडायला लावल्या. एकीवर तळवा दाबला, दुसरीवर दाबला. आजीने आमच्या लाल गादीवर हात ठेवला, "ही नवरा-नवरीच्या खोलीत." कुणीतरी विचारलं, आणि दुसरी? आजी म्हणाली, "ती ठेवा पाहुण्यांच्या खोलीत. जे लवकर गेलेले बरे, त्यांच्यासाठी."

* * *

हे सगळं चालू असताना ते दहा मिनिटांवाले काही स्वस्थ बसले नव्हते.

त्यांच्याकडून सायंतन नावाचा मुलगा यायचा. इथलाच, हावड्याचा. वय असेल अठ्ठावीस, पण डोळ्यांखाली माझ्यापेक्षा काळी वर्तुळं. दोन वाक्यं बोलला की त्याचा फोन वाजायचा. बिमलदांना जेठू म्हणायचा, पाया पडायचा, आणि मग लेझरच्या यंत्राने आमच्या भिंती मोजायचा. मला त्याचा राग यायचा, आणि चहा न पिता गेला तर वाईटही वाटायचं.

एकदा त्याने दिल्लीकडच्या साहेबांना व्हिडिओ कॉलवर धरलं. साहेबांना सहीची तारीख हवी होती. बिमलदा म्हणाले, पूजा होऊ दे. कोलकात्यात भाद्रपदात कुणालाही काहीही विचारा, उत्तर हेच मिळतं. प्लंबरसुद्धा हेच सांगतो. दुर्गापूजा झाली. साहेबांचा फोन. बिमलदा म्हणाले, लक्ष्मीपूजा आहे. मग कालीपूजा. मग भाऊबीज, बहीण बराकपूरला असते. मग जगद्धात्री पूजा. मग नाताळ, केक खायचा की नाही? मग संक्रांतीचे गोडाचे पदार्थ. मग सरस्वतीपूजा.

साहेबांचा आवाज चढला. त्यांनी सायंतनला विचारलं, या शहरात लोक काम नेमकं केव्हा करतात? सायंतन अवघडून म्हणाला, "सर, पूजेच्या तयारीत."

पण शेवटी पूजा संपल्या. हिवाळा गेला, लग्नसराई थंडावली, दुकानात दिवस दिवस कुणी फिरकेना. बिमलदांचे गुडघे जिना चढायला नकार द्यायला लागले. मुलगा बंगळुरूहून येऊन गेला आणि वडिलांशी दार लावून बोलला. दुसऱ्या दिवशी बिमलदांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, चैत्र संपायच्या आत सही करतोय. इस्माईलभाई सुईला दोरा लावत राहिले. मी वर जाऊन पोटभर रडले. ह्यांनी त्या दिवशी स्वतः भात लावला.

* * *

आणि सहीचा दिवस उजाडला.

चैत्रातली दुपार. रस्त्यावर कुत्रं नाही. सायंतन कागद घेऊन आला, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. बिमलदांनी कागद चाळले, म्हणाले, वाचायचा चष्मा वर राहिलाय, आणतो. त्यांच्या गुडघ्यांना तीन मजले चढून उतरायला वेळ लागणार होता. त्यांनी सायंतनला सांगितलं, तोवर बस बाबा जरा. बसायला जागा एकच, इस्माईलभाईंनी सकाळीच शेवटचा टाका घातलेली नवी गादी, सावरीच्या उशीसकट.

सायंतन काठावर बसला. फोनवर कुणाला तरी, हो सर, आत्ता होतंय सर, पाच मिनिटांत, म्हणाला. मग पाठ जरा मागे टेकली. मग पाय वर गेले. मग बूट खाली पडले, एक आणि मग दुसरा.

बिमलदा चष्मा घेऊन आले तेव्हा पोरगा तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. कोलबालिशला दोन्ही हातांनी मिठी! फोन छातीवर थरथरत होता. मी हळूच म्हटलं, उठवू का? बिमलदांनी ओठांवर बोट ठेवलं. फोन उचलला, चहूबाजूंनी बघितला आणि पिंजलेल्या कापसाच्या ढिगात खोल खुपसला. आता त्याचा आवाज लांब कुठेतरी भुंगा असावा एवढाच.

मग त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं. इस्माईलभाईंनी फळीवरची मच्छरदाणी काढली, चार खिळ्यांना चार नाड्या बांधल्या, कडा गादीखाली खोचल्या. आम्ही तिघं स्टुलांवर बसून राहिलो. एक गिऱ्हाईक वाकून आत आलं, मच्छरदाणी बघितली आणि चपला हातात घेऊन परत गेलं.

ऊन उतरलं, समोरच्या मिठाईवाल्याने समोसे तळायला घेतले, तेव्हा तो जागा झाला. गालावर उशीची वळी उमटलेली. आपण कुठे आहोत हे त्याला कळेना. फोन कुठे आहे हेही त्याने विचारलं नाही. जाळीच्या आतून नुसता बघत राहिला. मग हाताने गादी दाबून बघितली, पुन्हा दाबली.

"जेठू, ही कुणाची?"

बिमलदा म्हणाले, गिऱ्हाइकाची आहे, उद्या जायचीय.

"मला अशीच हवी. कधी मिळेल?"

बिमलदांनी इस्माईलभाईंकडे बघितलं. इस्माईलभाई म्हणाले, हातातली कामं आहेत, मग मी गावी जाऊन येणार, ज्येष्ठ महिना उजाडेल. बिमलदा सायंतनकडे वळून म्हणाले, "पण बाबा, तू आज सही घेऊन गेलास तर ज्येष्ठात दुकानच नसेल. इस्माईल शिवणार कुठे बसून?"

सायंतन उठून बसला. मच्छरदाणीची कड उचलून बाहेर आला, बूट घातले. टेबलावरचे बिनसहीचे कागद उचलले, घडी केली आणि बॅगेत ठेवले. बॅगेतून ते भिंती मोजायचं यंत्र काढलं आणि बिमलदांच्या हातात दिलं.

"माझ्या पलंगाचं माप घ्यायला या एकदा. आधी गादी होऊ दे."

बिमलदांनी ते यंत्र खिशात टाकलं आणि इस्माईलभाईंना हाक मारली.

"इस्माईल, पोराची गादी आहे. अजिबात घाई करायची नाही."